सलाईनची बाटली आणि मीठ-साखरेचे पाणी



पाऊस तोंडावर आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत जुलाब-उलट्यांची पत्रे वाढू लागतात. त्यात नवल नाही. नळाला गढूळ पाणी येते, गटार तुंबते, माश्या वाढतात आणि पहिला तडाखा घरातल्या सर्वांत लहान लेकराला बसतो. या वेळी एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यातला प्रश्न एकट्या त्यांचा नाही, म्हणून आजचा सबंध लेख त्यालाच देत आहे.

त्यांच्या दीड वर्षाच्या नातीला जुलाब लागले. पोर हिंडत-फिरत होते, पाणी मागत होते. मुलाने तिला जवळच्या खासगी दवाखान्यात नेले. तिथे सलाईन लावली, एक इंजेक्शन दिले आणि तीन औषधे लिहून दिली. मुलगा नाक्यावर उभा राहून रोजंदारी करतो. त्याची आठवड्याची मजुरी एका दुपारी संपली. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या आशाताई भेटल्या आणि म्हणाल्या, "आजी, ओ.आर.एस.चं पाकीट न्यायचं होतं. एवढ्याला सलाईन कशाला?" मुलगा आईवरच चिडला, "डॉक्टर जास्त शिकलेला का आशाताई?" शेवटी या भगिनी लिहितात: "मीठ-साखरेच्या पाण्याने पोरं वाचतात असं पेपरात छापून येतं. मग डॉक्टर लोक ते वाचत नाहीत का? का वाचून सोडून देतात?"

प्रश्न नेमका आहे. उत्तर मात्र एका ओळीत मावणारे नाही. छापलेला शोध कागदावरून डॉक्टरच्या हातात आणि डॉक्टरच्या हातातून आपल्या घरात कसा येतो, वाटेत कुठे कुठे अडतो, हे समजून घ्यायचे असेल तर या मीठ-साखरेच्या पाण्याचीच कहाणी सांगावी लागेल. ही कहाणी बहुतांशी आपल्या देशातली आणि शेजारच्या बांगला देशातली आहे.

१९५३ चा कागद

कॉलरा, म्हणजे पटकी. जुन्या माणसांना हे नाव ऐकूनच धडकी भरत असे. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत जात असे. जीव जातो तो अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. शिरेतून सलाईन दिली तर माणूस वाचतो, हे डॉक्टरांना ठाऊक होते. पण सलाईनला निर्जंतुक बाटल्या हव्यात, सुया हव्यात, शिकलेला माणूस हवा. पटकी मात्र येते ती जिथे यातले काहीच नसते तिथे.

१९५३ साली कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात एक लेख लिहिला. पटकीच्या १८६ रुग्णांना त्यांनी मीठ आणि ग्लुकोज घातलेले पाणी तोंडाने पाजले होते आणि जुलाब थांबवण्यासाठी पानओव्याच्या जातीच्या पानांचा रस दिला होता. हे रुग्ण फार अत्यवस्थ नव्हते. ते बरे झाले.

मग जगभरच्या डॉक्टरांनी काय केले? काहीच केले नाही. लेख छापला गेला, कपाटात गेला.

चटर्जींवर अन्याय झाला असे आपण पटकन म्हणू. त्यात तथ्य आहेच. पण डॉक्टरांचीही एक बाजू आहे आणि ती समजून घेतली पाहिजे. चटर्जींनी तुलना केली नव्हती. म्हणजे इतक्या रुग्णांना हे पाणी दिले, तितक्यांना दिले नाही, दोघांत एवढा फरक पडला, असे दाखवले नव्हते. रुग्ण किती प्यायला आणि त्याच्या अंगातून किती गेले याचे मोजमाप दिले नव्हते. शिवाय हे पाणी काम कसे करते हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. जुलाबात आतडे निकामी होते, त्याला विश्रांती द्यावी, तोंडाने काही देऊ नये, असे तेव्हा शिकवले जाई. शिकवणीच्या उलट जाणारी आणि मोजमाप नसलेली गोष्ट डॉक्टर सहजासहजी स्वीकारत नाही. एका परीने ते बरोबरही आहे. नाहीतर रोज कोणीतरी नवा उपाय छापेल आणि रोज आपल्या लेकरांवर तो करून पाहिला जाईल.

दार कुठे आहे?

पुढे १९६० साली रॉबर्ट क्रेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक मोलाची गोष्ट मांडली. आतड्याच्या आतल्या अस्तरात जणू एक लहान दार असते. त्या दारातून मीठ आणि साखर हात धरून एकत्र आत जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणी जाते. पटकीचे विष आतड्यातून पाणी बाहेर काढते खरे, पण हे दार मात्र ते बंद करू शकत नाही. नुसते पाणी पाजले तर ते पुरेसे शोषले जात नाही. योग्य प्रमाणात साखर आणि मीठ घातले की जाते.

पण प्रमाण चुकले तर? तोही अनुभव आला. १९६२ साली फिलिपाइन्समध्ये एका प्रयोगात द्रावण फार दाट झाले आणि काही रुग्ण दगावले. त्यानंतर या वाटेला जायला बरेच जण बिचकू लागले. १९६८ साली ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेतल्या डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या तरुण डॉक्टरांनी तोच प्रयोग काळजीपूर्वक, मोजून-मापून केला. रुग्ण २९ होते. जितके बाहेर गेले तितके मोजून आत पाजायचे, हा त्यांचा नियम. या पद्धतीने सलाईनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाली. हाही लेख 'लॅन्सेट'मध्येच आला. आता मोजमाप होते, तुलना होती, कारणही कळले होते.

तरी डॉक्टर म्हणाले, "हे प्रयोगशाळेत ठीक आहे. तिथे माणसामागे माणूस असतो. बाहेर कसे जमणार?"

बनगावची छावणी

याचे उत्तर १९७१ साली मिळाले आणि ते फार मोठ्या दुःखातून मिळाले. त्या वर्षी पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालच्या सीमेवर बनगावला जी छावणी होती तिथे पटकी पसरली. कलकत्त्याच्या संशोधन केंद्रातले डॉ. दिलीप महालनबीस जूनअखेर तिथे पोचले. इस्पितळात दोन खोल्या, १६ खाटा. बाकीचे रुग्ण जमिनीवर, वांत्या आणि जुलाबातच पडलेले. त्यांना सलाईन द्यायची तर त्या घाणीत गुडघे टेकून बसावे लागे. आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या.

महालनबीस यांनी ठरवले की तोंडाने पाजायचे. एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. कलकत्त्यात पुड्या बांधल्या, प्लॅस्टिकच्या पिशव्यांची तोंडे गरम इस्त्रीने चिकटवली. छावणीत नळ लावलेली पिंपे ठेवली. पाजायचे कोणी? डॉक्टर तर बोटांवर मोजण्याइतके. म्हणून हे काम आई, बाप, बहीण, भाऊ, जो जवळ बसला असेल त्याच्या हाती दिले. लोकांचा विश्वास बसावा म्हणून या पाण्याला नाव दिले 'तोंडाने प्यायची सलाईन'. बंगालीत आजही त्याला 'खाबार सॅलाइन' म्हणतात.

त्या केंद्रात ३,७०० हून अधिक रुग्णांवर उपचार झाले. त्याआधी शंभर रुग्णांत सुमारे ३० जण मरत होते, ते प्रमाण ३.६ वर आले. वाचकहो, हा आकडा पुन्हा एकदा वाचा. ज्यांच्याजवळ घर नव्हते, दार नव्हते, त्या निर्वासित आई-बापांनी पेल्याने पाणी पाजून आपली माणसे वाचवली.

महालनबीस यांचा अहवाल १९७३ साली छापून आला. मग तरी सगळे बदलले असेल असे वाटेल. तसे झाले नाही. अनेक तज्ज्ञांना ही गोष्ट पचेना. अडाणी नातेवाइकांच्या हाती उपचार? पण जागतिक आरोग्य संघटनेचे डॉ. धीमान बरुआ यांनी बनगावची छावणी स्वतः जाऊन पाहिली होती. ते या उपचाराच्या मागे ठाम उभे राहिले. १९७८ साली संघटनेने जुलाबाच्या आजारांविरुद्ध जागतिक मोहीम हाती घेतली. त्याच वर्षी 'लॅन्सेट'ने संपादकीय लिहून सांगितले की साखर आणि मीठ आतड्यात जोडीने शोषले जातात हा शोध कदाचित या शतकातला सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरावा. १९५३ साली ज्या साप्ताहिकात चटर्जींचा लेख आला आणि विसरला गेला, त्याच साप्ताहिकाने हे लिहायला २५ वर्षे गेली. महालनबीस २०२२ साली वारले. भारत सरकारने त्यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

आता आपली बाजू

इथपर्यंत डॉक्टरांची कहाणी झाली. पण शोध फक्त डॉक्टरांपाशी अडत नाही, तो आपल्या उंबऱ्यापाशीही अडतो.

बांगला देशात ब्रॅक या संस्थेने १९८० पासून दहा वर्षे घरोघर बाया पाठवल्या. चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि पाणी यांचे द्रावण कसे करायचे ते एक कोटीहून अधिक घरांतल्या आयांना शिकवले. शिकवणारीचा पगार कशावर ठरत असे? ती किती घरे फिरली यावर नव्हे, तर शिकवलेल्या आयांना नंतर किती आठवते यावर. एवढे करूनही सुरुवातीला वापर फार कमी होत होता. आयांना कृती तोंडपाठ, पण पोर आजारी पडले की पाणी काही कोणी करेना. कारणे शोधली तेव्हा दिसले की घरातल्या पुरुषांना कोणी काही सांगितलेच नव्हते. आणखी एक गोष्ट दिसली. शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांचाच त्या पाण्यावर पुरता विश्वास नव्हता. मग आधी कार्यकर्त्यांना पटवले, पुरुषांच्या सभा घेतल्या. त्यानंतर चित्र पालटले.

आपल्याकडे वेगळे काय आहे? सलाईनची बाटली टांगलेली दिसली की आपल्याला वाटते, आता खरा उपचार सुरू झाला. पाकीट हातात दिले तर वाटते, डॉक्टरने टाळले. "एवढी फी घेतली आणि साधं पाणी सांगितलं," असे आपणच बाहेर येऊन म्हणतो. सुईशिवाय ताकद येत नाही हा समज आपल्या वस्त्यांत खोल रुजला आहे. डॉक्टरही हे ऐकतो. पुढच्या वेळी तो सलाईन लावतो.

हे मी केवळ अंदाजाने म्हणत नाही. २०२४ साली 'सायन्स' या नियतकालिकात आपल्याच देशातला एक अभ्यास आला. कर्नाटक आणि बिहारमधल्या अडीचशेहून अधिक गावा-शहरांतल्या दोन हजारांवर खासगी दवाखान्यांत शिकवून तयार केलेली माणसे पाठवली. प्रत्येकाने सांगायचे, "माझ्या दोन वर्षांच्या मुलाला जुलाब होत आहेत, औषध द्या." कोणी म्हणायचे, तुम्हीच सांगा. कोणी ओ.आर.एस.च्या पाकिटाचा फोटो दाखवून म्हणायचे, हे देऊ का? काही दवाखान्यांना आधी ओ.आर.एस.चा साठा मोफत पुरवला होता. काही ठिकाणी औषध आम्ही दुसरीकडून घेऊ असे सांगितले, म्हणजे औषधविक्रीतून होणारा डॉक्टरचा फायदाच काढून टाकला.

निष्कर्ष काय निघाला? आपल्याला वाटेल, डॉक्टर पैशांसाठी करतात. काही अंशी ते खरे निघाले, पण थोडेच, सुमारे ५ टक्के. साठा नसणे हे कारण सुमारे ६ टक्के. आणि रुग्णाला ओ.आर.एस. नकोच असते हा डॉक्टरचा समज, हे कारण ४२ टक्के! ज्यांनी तोंडाने ओ.आर.एस. मागितले, त्यांना ते मिळण्याचे प्रमाण शंभरात २७ ने वाढले. म्हणजे डॉक्टरला ठाऊक असते. त्याला वाटते आपल्याला नको. आपल्याला हवे असते, पण आपण बोलत नाही. या गप्प बसण्यात लेकराला सलाईनची सुई टोचली जाते आणि मजुरी जाते.

भगिनी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. बरेच डॉक्टर वाचतात. पण आपण काय मागतो आणि काय मागत नाही, तेही ते वाचत असतात.

बदलला म्हणजे खोटा नव्हे

आणखी एक शंका नेहमी येते. "आज एक छापतात, उद्या दुसरे. विश्वास कशावर ठेवायचा?" या पाण्याचेही सूत्र बदलले. आधीच्या पाकिटात मीठ आणि ग्लुकोज जास्त होते. पुढे अनेक प्रयोग एकत्र तपासल्यावर दिसले की थोडे सौम्य द्रावण दिले तर मुलांना सलाईन लावायची वेळ सुमारे एक तृतीयांशाने कमी येते. म्हणून २००२ साली नवे सूत्र आले. २००४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी त्याच्या जोडीला जस्ताच्या, म्हणजे झिंकच्या, गोळ्या सांगितल्या.

याला घूमजाव म्हणू नये. घराची डागडुजी करतो तसे हे आहे. पाया तोच आहे. एका लेखाने भुलून जाऊ नये आणि एका बदलाने सगळेच फेकूनही देऊ नये. नवा शोध वाचनात आला तर चार गोष्टी विचाराव्या. किती माणसांवर पाहिले? कशाशी तुलना केली? दुसऱ्या कोणी, दुसऱ्या ठिकाणी करून पाहिले का? आणि सांगणाऱ्याला त्यातून काही विकायचे आहे का?

शेवटचा प्रश्न विसरू नका. कित्येक वर्षे औषधाच्या दुकानांत 'ओ.आर.एस.' ही अक्षरे नावात घेऊन गोड सरबते विकली जात होती. त्यांत साखर फार. जास्त साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढवते. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ही अक्षरे वापरायला मनाई केली. त्यामागे हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंचा अनेक वर्षांचा लढा होता.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार जुलाब झालेल्या बालकांपैकी ओ.आर.एस. मिळालेली मुले २०१५-१६ मध्ये शंभरात सुमारे ५१ होती, २०१९-२१ मध्ये सुमारे ६१ झाली. वाढ चांगली आहे. पण उरलेली ३९ लेकरे कोणाची? ती मोठ्या बंगल्यांतलीच असतील असे मला वाटत नाही.

हे कापून चुलीपाशी लावा

१. पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घाला. अर्धे पाकीट, अर्धे पाणी असे करू नका. लहान पाकीट असेल तर त्यावर लिहिले तेवढेच पाणी घ्या. २४ तासांनंतर उरलेले फेकून द्या.

२. पाकीट मिळेपर्यंत घरी करता येते. एक लिटर पाण्यात साखर सहा सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा. मीठ जास्त होऊ देऊ नका.

३. दोन वर्षांखालच्या मुलाला दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्याला अर्धा ते एक कप. चमच्या-चमच्याने पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश सुरू करा.

४. अंगावरचे दूध चालू ठेवा. मऊ भात, वरण, खिचडी द्या. पोट रिकामे ठेवू नका.

५. झिंकची गोळी १० ते १४ दिवस. सहा महिन्यांवरच्या मुलाला २० मिलिग्रॅम, त्याखाली १० मिलिग्रॅम. जुलाब थांबले तरी दिवस पूर्ण करा.

६. जुलाब दाबून टाकणारी औषधे लहान मुलांना देऊ नका. प्रत्येक जुलाबाला जंतुनाशक औषध लागत नाही.

७. मूल मलूल पडले, पाणी पिईना, डोळे खोल गेले, पोटाचा चिमटा सोडल्यावर कातडी हळूहळू मागे जाऊ लागली, लघवी बंद झाली, संडासात रक्त दिसले, सारख्या उलट्या होऊ लागल्या किंवा फार ताप चढला तर एक क्षणही घरी थांबू नका. इस्पितळ गाठा. अशा वेळी सलाईन लागू शकते आणि तीच जीव वाचवते. सलाईन वाईट नाही, गरज नसताना लावलेली वाईट.

ओ.आर.एस. आणि झिंक सरकारी आरोग्य केंद्रात, आशाताई आणि अंगणवाडीताईंकडे मोफत मिळायला हवे. नसेल तर मागा. रविवारी विहारात जमाल तेव्हा बायांनी आणि पुरुषांनीही हे पाणी एकदा प्रत्यक्ष करून पाहा. मोजायचा चमचा हातात आला की भीती जाते.

आणि ज्यांचा मुलगा "डॉक्टर जास्त शिकलेला का आशाताई?" म्हणून चिडला, त्या भगिनींनी त्याला बनगावची गोष्ट जरूर सांगावी. तिथे पाजणारे हात शिकलेल्यांचे नव्हते, आई-बापांचे होते. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात तर डॉक्टरांशी भांडू नका. हात जोडण्याचीही गरज नाही. खुर्चीवर बसून एवढेच विचारा, "डॉक्टरसाहेब, पोर पाणी पितंय. ओ.आर.एस.वर भागेल का?"

हे एक वाक्य पाठ करा. ते मोफत आहे.

सर्वांना जयभीम!